बाबांची पद्धत आणि तिच्या अटी

*अट १. चाक एकाच रंगावर सलग आठ वेळा थांबलं, तरच उलट्या रंगावर लावायचं. तोवर हात खिशात.*

रविवारी सकाळी अकराला थोरलीने त्यांच्या काटे-दुरुस्तीच्या दुकानातलं लोखंडी कपाट उघडलं. तिला आधी चिठ्ठी दिसली आणि मग चिठ्ठीशेजारची रिकामी जागा. चिठ्ठीवर तिचंच अक्षर: चारशे बारा ग्रॅम, सहाशे मिलिग्रॅम. शनिवारी संध्याकाळी तिने स्वतः नोटांची गड्डी काचपेटीतल्या काट्यावर ठेवून हा आकडा उतरवला होता. या घरात नोटा मोजत नसत, तोलत. मोजणाऱ्याचं लक्ष उडतं, काट्याचं उडत नाही, असं बाबा म्हणायचे. बाबा जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांचं म्हणणं अजून दुकानातच बसून होतं.

तिने वरचा कप्पा पाहिला, खालचा पाहिला. वजनांच्या पेट्या उघडल्या. पितळी वजनं चिमट्याने उचलून खालचं मखमली अस्तरसुद्धा चाचपलं, जसे काही एवढे पैसे पन्नास ग्रॅमच्या खाचेत मावणार होते. मग ती धाकट्याच्या टेबलाकडे गेली. तिथे त्याचा फोन होता आणि फोनखाली कागद.

*ताई, पैसे मी नेलेत. बाबांची वही नेली आहे. पाणसळही. संध्याकाळी सहापर्यंत दुप्पट घेऊन येतो. फोन तिथे आत नेऊ देत नाहीत.*

तिथे म्हणजे कुठे, ते लिहायची गरज नव्हती. नदीपलीकडच्या जुगाराच्या, चाकाच्या क्लबात बाबा बावीस वर्षं दर रविवारी जात होते.

दुकानाची इमारत पाडणार होते. दुकान हलवायचं होतं. नव्या जागेसाठी साठवलेली सगळी अनामत त्या गड्डीत होती. नव्या मालकाने ऐन वेळी रस्त्याकडच्या गाळ्याची अनामत दुप्पट केली. आहे त्या पैशात मागची खोली मिळत होती, बिनखिडकीची. सोमवारी दहापर्यंत काय ते सांगायचं होतं. शनिवारी दोघा भावंडांचं वाजलं ते यावरूनच.

थोरलीने कागद दोनदा वाचला. पाणसळ, पातळी बघायची ती बुडबुड्याची नळी, कशाला नेली, एवढं एकच तिला कळेना.

*अट १४. उपाशीपोटी नाही. भरल्या पोटीही नाही.*

दुकानावरच्या खोलीत जेवणाचं टेबल होतं. बाराच्या सुमारास त्याच्याभोवती चौघं होते: आई, थोरली, थोरलीचा नवरा आणि धाकट्याची बायको. उकडलेले बटाटे मधोमध निवत होते. कुणी हात लावला नव्हता. फक्त जावई मधूनमधून एक उचलत होता आणि आपण खात नाही आहोत असा चेहरा करत होता.

"मला सांगून गेले, गोदीवर एक मोठा काटा बघायला जातो," सून म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. लोक तोंड उघडण्याआधीच खोटं बोलतात हे तिला रोजचं होतं. "मी डबाही दिला. डबा! जुगाराला निघालेल्या माणसाला मी डबा बांधून दिला."

"तुझा दोष नाही," थोरली म्हणाली. "चोराला डबा दिला तरी देणारा चोर होत नाही."

"चोर म्हणू नका, ताई."

"मग काय म्हणू?"

"काहीही म्हणा. गाढव म्हणा. मी मघापासून म्हणतेच आहे. पण पैशात त्यांचाही वाटा होता."

"वाटा होता ना? मग वाट्यापुरतं घेऊन जायचं. सगळंच कपाट कशाला धुऊन न्यायचं?"

सुनेने खुर्ची थोडी मागे सरकवली. सकाळपासून ती थोरलीच्या बाजूची होती. आता ती जावयाच्या बाजूला बसल्यासारखी झाली. जावई विम्याचा एजंट होता आणि कुणीही आपल्या बाजूला बसलं की त्याला बोलावंसं वाटे.

"मुळात ही पद्धत काय आहे ते समजून घेऊ," तो म्हणाला आणि त्याने काड्यापेटी रिकामी केली. "ही एक काडी लावली. हरलो. आता दोन लावल्या. हरलो. आता चार. जिंकलो! एकूण हातात काय? एक काडी. म्हणजे तीन गेल्या, चार आल्या. आता बघा, प्रत्येक वेळी शेवटी एक काडी मिळतेच. म्हणून माणसाला वाटतं, सापडलं!"

"मग खोटं काय आहे त्यात?" सून म्हणाली.

"पेटी," जावई म्हणाला. "पेटीत काड्या संपतात. आठ, सोळा, बत्तीस... सात-आठ वेळा उलटं पडलं की पेटी खलास, आणि ते पडतंच. आठ वेळा लाल आलं म्हणून नवव्यांदा काळं यायला चाकाला काही लाज वाटत नाही. चाकाला मागचं आठवत नाही, वहिनी. आठवतं फक्त आपल्याला. माझा धंदा तोच, फक्त उलटा. मी लोकांकडून थोडं थोडं घेतो आणि एखाद्याला एकदम मोठं देतो. पद्धतवाला थोडं थोडं घेत राहतो आणि एक दिवस सगळं देऊन येतो. आमच्या कंपनीकडे तिजोरी आहे. त्याच्याकडे चारशे बारा ग्रॅम आहेत."

"सहाशे मिलिग्रॅम," थोरली म्हणाली.

"सहाशे मिलिग्रॅम."

"बाबा बावीस वर्षं जात होते," सून हळूच म्हणाली. "ते तर कधी बुडाले नाहीत. हे तेच म्हणतात रोज. बाबांसारखा माणूस, केसाचं वजन करणारा, उगाच बावीस वर्षं वही लिहील का?"

या प्रश्नावर तिघांनीही आईकडे पाहिलं. आई बटाटा सोलत होती. साल एका लांब पट्टीत उतरत होतं, आणि ते तुटू नये एवढंच काय ते तिच्या चेहऱ्यावर होतं.

"आई, तुला काही वाटतं की नाही?" थोरली म्हणाली.

"वही घेऊन गेलाय ना?"

"हो."

"आणि पाणसळ?"

"हो. तीच कशाला नेली कळत नाही."

"मग खा आता सगळे," आई म्हणाली.

थोरली उठली. "मी जाते. दीड तास लागतो बसने. दारातून ओढून आणीन."

"कुणी जायचं नाही." आईचा आवाज चढला नव्हता, पण सालाची पट्टी तुटली. "मागे माणूस आलेला दिसला की माणूस हट्टाला पेटतो. तुझ्या बाबांच्या मागे मी एकदाच गेले होते. जावईबापू, हिला बसवा."

जावयाने बायकोकडे पाहिलं आणि बसवण्याचं काम आपल्या आवाक्यातलं नाही हे ओळखून तिच्या पुढ्यात बटाटा ठेवला.

*जावयाने दुपारी दोन ते अडीचच्या दरम्यान मनातल्या मनात भरलेला दाव्याचा फॉर्म*

नुकसानीचं स्वरूप: संपूर्ण.

घटना कशी घडली: मेहुणा घरातून शुद्धीत निघाला.

आग, पूर, चोरी, दंगल यांपैकी काय: चोरी म्हणू का? बायको म्हणते म्हणा. वहिनी म्हणतात म्हणू नका. रिकामं सोडतो.

नुकसान टाळण्यासाठी आपण कोणती उपाययोजना केली: दोन बटाटे खाल्ले. काड्या दाखवल्या.

मालमत्तेचं मूल्य: दुकानाचं की दुकानाशिवायच्या बायकोचं? ती कुठे बसेल? चौदाव्या वर्षापासून ती त्या काट्यासमोर बसलीय. घरी बसली तर मला तोलेल.

आपण या धोक्याची पूर्वकल्पना दिली होती काय: हो. दरवेळी. माझं कुणी ऐकत नाही, हाही एक धोका. तो कोणत्या रकान्यात?

सही:

(सही केली नाही. सहा वाजायचे होते.)

*अट ५. चाकाची पातळी स्वतः तपासल्याशिवाय बसायचं नाही.*

आई खाली दुकानात येऊन बसली, काचपेटीसमोर. वरून थोरली आणि सुनेचा आवाज येत होता. आता दोघी मिळून जावयाला झापत होत्या, म्हणजे त्यांचं जुळत आलं होतं.

मुलांना जे माहीत नव्हतं ते असं.

बाबा त्या क्लबात पहिल्यांदा गेले ते खेळायला नाही, कामाला. चाक तिरकं बसलंय, एकाच बाजूला गोटी जास्त पडते, कुणी नीट करील का, म्हणून क्लबवाले विचारत आले होते. बाबा पाणसळ घेऊन गेले, टेबलाच्या पायाखाली पाचर मारली, नळीतला बुडबुडा मधोमध आणला आणि मग चाक फिरताना बघत उभे राहिले. आणि अडकले. महिन्याभरात पितळी वजनांची जुनी पेटी दुकानातून नाहीशी झाली. त्यांच्या वडलांची पेटी. आई मागोमाग गेली, दारात उभी राहिली, आणि तिला पाहून बाबांनी उरलेलंही लावलं.

त्यानंतर ती कधी गेली नाही, आणि जाऊ नका असंही म्हणाली नाही. पुढच्या आठवड्यात बाबांनी वही आणली. पद्धत काढतो, म्हणाले. पद्धतीने खेळलं तर जात नाही. पहिल्या चार अटी त्यांच्या होत्या.

पाचवी तिची. ती बटणं लावत होती आणि तिने सहज विचारलं, "आणि चाकच वाकडं असलं तर?"

बाबांचा हात थांबला. त्यांनी पेन्सिल कानावरून काढली.

पुढच्या रविवारी ते पातळी तपासायला गेले, ती जरा बिघडलेली निघाली, ती त्यांनी नीट केली. घरी आल्यावर तिने विचारलं, "नुकतंच हलवलेलं चाक लगेच खरं बोलतं का हो? आपला काटा तर हलवल्यावर दिवसभर थाऱ्यावर येत नाही." सहावी अट. शंभर फेरे नुसते लिहायचे. मग चाकवाला बदलला तर? मध्येच शून्य आलं, ना लाल ना काळं, तर? सर्दी झाली असेल, डोळ्यांतून पाणी येत असेल आणि लाल-काळ्यात गफलत झाली तर? ती एका वेळी एकच विचारायची, आणि काहीतरी शिवत असताना. मुद्दाम करतेय हे बाबांना कळलं होतं का? पहिली दोन वर्षं नसावं. पुढे कळलं असणार, कारण पुढे तेच विचारू लागले, "आज काही सुचतंय का तुला?" आणि अट लिहून झाली की खाली पुढचा आकडा आधीच घालून ठेवत.

बावीस वर्षं. पहिल्या वर्षानंतर त्यांनी एक पैसाही लावला नाही. पद्धतीने परवानगीच दिली नाही. ते जायचे, पातळी बघायचे, आकडे लिहायचे, चहा पिऊन परत यायचे. खेळायला जातो असंच सांगायचे. तीही तसंच सांगायची.

मुलांना सांगितलं नाही, कारण त्यात बाबांची लाज होती असं तिला वाटायचं. आज सकाळपासून तिला वाटत होतं की सांगायला हवं होतं. तिला अटींवर भरवसा होता. धाकट्यावर किती होता, हे तिला सांगता आलं नसतं. बाबा अट मोडत नसत. हा कोणावर गेलाय?

तिने पेटीची काच पुसली. पुसलेलीच होती.

*अट ६. पातळी दुरुस्त करावी लागली, तर पुढचे शंभर फेरे फक्त लिहायचे.*

धाकट्याने अटी एका कागदावर उतरवून घेतल्या होत्या. सतरा भरल्या. वहीत त्या एका जागी नव्हत्या. आकड्यांच्या रांगांमधून, समासातून, जिथे सुचलं तिथे लिहिलेल्या. त्याला वाटलं, सगळ्या सापडल्या.

क्लबाच्या दारात त्याने पाणसळ दाखवली तेव्हा पहारेकऱ्याने ती हत्यार समजून बाजूला ठेवायला सांगितली. तेवढ्यात आतून म्हातारा चाकवाला आला.

"काटेवाल्यांचा मुलगा का रे तू?"

"हो."

"तेच म्हटलं, नळी ओळखीची वाटते. दीड वर्ष झालं, कुणी फिरकलं नाही. ये, ये. आमचं चाक बघ जरा."

मी खेळायला आलोय, असं सांगायचं त्याच्या ओठांवर आलं. पण पाचवी अट तशीही होतीच. त्याने पाणसळ कडेवर ठेवली. बुडबुडा सरकला आणि खिडकीच्या बाजूला जाऊन थांबला. चांगला दोन रेघा.

"अहो, हे चाललंच कसं इतके दिवस?" तो म्हणाला. त्याला खरोखर राग आला होता. त्याने कोट काढला, टेबलाखाली शिरला, जुन्या पाचरीचं भुसकट काढलं, एका जुन्या पत्त्याच्या चार घड्या करून नवी पाचर केली. अर्धा तास. बुडबुडा मधोमध येऊन असा बसला की धाकट्याला क्षणभर दुकानातच असल्यासारखं वाटलं. गुडघे झाडत बाहेर आला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं: आता शंभर फेरे.

तो खुर्चीवर बसला आणि लिहू लागला. लाल. काळं. काळं. लाल. बगलेत पैशांची पिशवी. डबा त्याने अर्धाच खाल्ला, चौदाव्या अटीमुळे. शेजारी एक बाई छोट्या पाकिटातून पैसे काढून लावत होती. प्रत्येक वेळी ती डोळे मिटायची, आणि उघडल्यावर आधी पाकिटाकडे बघायची. तिच्याकडे कुठलीच वही नव्हती. पलीकडे एकाकडे तीन वह्या होत्या आणि तो तिच्याहून लवकर संपला.

शंभर फेरे तीन वाजता झाले. मग मोजणी. लाल पाच वेळा आलं, मग शून्य. पुन्हा एकपासून. काळं सहा वेळा आलं, आणि म्हातारा चाकवाला पाय मोकळे करायला उठला, दुसरा बसला. नवव्या अटीप्रमाणे पुन्हा एकपासून. पद्धत म्हणजे आपल्याला पैसे मिळवून देणारं काहीतरी, असं त्याला सकाळी वाटत होतं. आता ती एखाद्या फार शहाण्या, फार चिकट कारकुनासारखी वाटू लागली, जो प्रत्येक अर्ज परत पाठवतो.

चारला दहा कमी असताना लाल सुरू झालं. एक. दोन. तीन. चार. पाच. टेबलाभोवती माणसं गोळा झाली. सहा. त्याने कागद काढला, सतरा अटींवर सतरा खुणा होत्या. सात. पिशवीची नाडी सोडली. आठ.

आठ.

 काळ्यावर ठेवायचं, बस्स. सगळं, एकदाच. उद्या दहाला रस्त्याकडचा गाळा, बाबांची खुर्ची खिडकीशी, आणि ताईला काही बोलायला जागाच नाही. त्याने गड्डी अर्धी बाहेर काढली, आणि त्याच हाताने, सवयीने, वही उघडली. दुरुस्त केलेला काटा गिऱ्हाइकाला देण्याआधी पुन्हा एकदा तोलायचा, ही त्याच्या हाताला लागलेली सवय होती. शेवटचं पान. आकड्यांच्या रांगेशेजारी, वही आडवी धरली तरच वाचता येईल असं:

*अट २६. आदल्या दिवशी घरात कुणाशी वाजलं असेल, तर आजचा दिवस फक्त लिहिण्याचा.*

त्याने वही आडवीच धरून ठेवली.

वाजलं होतं का? ताई म्हणाली होती, मागची खोली घेऊ. तो म्हणाला होता, बाबा जन्मभर खिडकीशी बसले आणि तू त्यांचं दुकान बिळात नेणार? ती म्हणाली होती, दुकान चालवतंय कोण? आणि तो म्हणाला होता, बाबांच्या खुर्चीत बसलीस म्हणून बाबा झाली नाहीस.  याला वाजणं म्हणतात का? मतभेद म्हणता येईल. दोन रेघा सरकलेल्या बुडबुड्याला कुणी जवळपास मधोमध म्हटलं असतं, तर त्याने ऐकून घेतलं असतं का?

"लावताय का?" नव्या चाकवाल्याने विचारलं.

"नाही," धाकटा म्हणाला. "लिहितोय."

गोटी फिरली, ठेचकाळली, थांबली. त्याने लिहिलं: काळं.

*अट २. जिंकलो की उठायचं. हरलो की दुप्पट. तीनदा हरलो तरी उठायचं.*

सहाला पाच मिनिटं असताना दुकानाचं दार वाजलं. चौघंही तिथेच होते. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण एकेक करून सगळे जिना उतरून आले होते.

धाकटा आत आला. त्याने पिशवी टेबलावर ठेवली. सून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, दवाखान्यात बघतात तसं, कुठे दुखतंय ते शोधत. थोरलीने पिशवीतून गड्डी काढली. तिने ती जावयाकडे दिली, मग पुन्हा त्याच्याकडून घेतली, काचपेटी उघडली आणि पारड्यात ठेवली. दुसऱ्या पारड्यात तिने चिमट्याने वजनं चढवली: दोनशे, दोनशे, दहा, दोन, मग मिलिग्रॅमची पत्र्याची चिमुकली वजनं. पेटी बंद केली.

सुई हलत राहिली. पाच माणसं श्वास रोखून होती, कारण काट्यासमोर श्वास रोखायचा असतो, आणि आज तसाही कुणाला येत नव्हता.

"जास्त आहे," थोरली म्हणाली.

"किती?"

"दोन ग्रॅमच्या आत-बाहेर."

"म्हणजे जिंकलास?" जावई ओरडला. "फक्त दोन ग्रॅम?"

"लावलेच नाहीत," धाकटा म्हणाला. "त्या दोन नोटा पातळीच्या कामाच्या. म्हाताऱ्याने दिल्या. बाबांना दर रविवारी द्यायचे म्हणे."

सुनेने हातातलं फडकं त्याला फेकून मारलं. ते त्याच्या खांद्यावर बसलं, तिथेच राहिलं. मग ती खाली बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिने विचारलं, "डबा खाल्लात?"

"अर्धा."

"अर्धा! अर्धा का?"

"अट होती."

त्याने सगळं सांगितलं. तिरकं चाक, पाचर, शंभर फेरे, शून्य, आठ वेळा लाल. जावई मध्येच उठला.

"थांब, थांब. चाक तिरकं होतं?"

"दोन रेघा."

"अरे, तिरक्या चाकावर गोटी एकाच बाजूला जास्त पडते! जगात कुठल्या पद्धतीला काही अर्थ असेल, तर तो तिथेच! तेवढी एकच संधी होती, आणि ती तू टेबलाखाली शिरून दुरुस्त केलीस?"

 हे धाकट्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तसंच सोडायचं होतं?" त्याने विचारलं, आणि त्याच्या स्वरात एवढी दुखावलेली शंका होती की थोरली फस्सकन हसली. मग आई हसली. जावई हात वर करून गोल फिरला आणि वजनांच्या कपाटावर आपटला, आणि नेहमीप्रमाणे सगळ्या जणी एकदम "अहो, वजनं!" म्हणून ओरडल्या.

"आणि नववं काय आलं?" थोरलीने विचारलं.

"काळं."

हसू जरा थांबलं.

"म्हणजे लावले असतेस तर..."

"आले असते."

थोरलीने गड्डी पारड्यातून उचलली आणि दोन्ही हातांत धरली. "बरं झालं नाही लावलेस," ती म्हणाली. "हरला असतास तर एकदाच हरला असतास. जिंकला असतास तर पुढच्या रविवारी पुन्हा गेला असतास."

"ताई, काल मी जे बोललो..."

"खुर्चीचं?"

"हो."

"खुर्ची माझ्या कमरेला लागतेच. पाठ टेकत नाही तिला. नव्या जागेत तू बस तिच्यात." तिने गड्डी कपाटात ठेवली. "आणि मागचीच खोली घेऊ. मी दिवसभर विचार केला, दुसरं करायला काही नव्हतं. खिडकी नाही म्हणजे वारा नाही. बाबा खिडकीशी बसायचे आणि जन्मभर काटा वाऱ्याने हलतो म्हणून काचपेट्या घेत राहिले."

धाकट्याने खिडकीकडे पाहिलं, मग काचपेटीकडे. त्याला हे पंचवीस वर्षांत सुचलं नव्हतं. तो हळूहळू हसला. "उद्या दहाला मी सांगून येतो."

"मी पण येते," थोरली म्हणाली. "पैसे मी धरणार."

आईने वही मागितली. धाकट्याने दिली, पण सोडली नाही. दोघांनी ती क्षणभर दोन टोकांनी धरली.

"आई, सव्विसावी अट. अक्षर बाबांचं आहे."

"मग?"

"बोलणं तुझं आहे. सर्दीचीही. अर्ध्या पोटाचीही. सव्वाशेवर फेरे मी त्याच अटी वाचत होतो, मला शेवटी तुझा आवाज ऐकू यायला लागला."

सगळे आईकडे वळले. तिने वही जवळ ओढली, शेवटचं पान उघडलं, आडवं केलं. सव्वीसच्या खाली बाबांनी सवयीने सत्तावीसचा आकडा घालून ठेवला होता, आणि पुढे कोरं होतं.

"सांगते सगळं, चहा टाक आधी कुणीतरी," ती म्हणाली. मग कोट काढणाऱ्या धाकट्याकडे तिने सहज, दुसरंच काही शोधत असल्यासारखं पाहिलं. "किती टेबलं आहेत रे तिथे?"

"सात."

"आणि पातळी तू एकाचीच बघितलीस?"

धाकट्याचा हात कोटाच्या बाहीतच थांबला. जावयाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं; थोरलीने त्याच्या पायावर पाय दिला. धाकट्याने कोट तसाच अर्धा अंगावर ठेवून वही आपल्याकडे वळवली आणि कानावरची पेन्सिल काढली.